एकोणीस नंबरचा कोट

राखाडी लोकरीचा, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, चार बटणांचा कोट मी. वय विचाराल तर साठीच्या आसपास. जुने कपडे शांत आणि समजूतदार असतात असा लोकांचा समज आहे. मित्रांनो, मी तसा नाही. मी पुरता वैतागलेला आहे आणि का वैतागलो ते आज तुम्हांला सांगणार आहे. माझ्याबद्दल इतकी वर्षे दुसरेच बोलत आले, आता माझी पाळी.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान कसले, जिन्याखालची जागा ती. एक मशीन, एक लांब टेबल आणि कोळशाची इस्त्री. शिंपी फक्त पुरुषांचे कोट शिवायचा. एके दिवशी एक चोवीस-पंचवीस वर्षांची बाई काखेत कापडाची गुंडाळी घेऊन आत आली. बायकांचे कपडे शिवणाऱ्या दोन दुकानांनी तिला परत पाठवले होते. एवढी जाड लोकर आमच्या मशीनखाली जाणार नाही, असे म्हणून.

शिंपी म्हणाला, "बाई, मी पुरुषांचे कोट शिवतो."

"मग पुरुषाचाच शिवा," बाई म्हणाल्या. "थंडीला काय फरक पडतो?"

शिंप्याने मान हलवली आणि टेप गळ्यातून काढली. माप बाईचे घेतले, पण हात सवयीचे गुलाम. काजे डाव्या बाजूला पाडली आणि बटणे उजव्या बाजूला लावली, पुरुषांच्या कोटाला असतात तशी. चूक त्याच्या लक्षात आली तेव्हा मी तयार झालो होतो. तो ओशाळून म्हणाला की उसवून पुन्हा करून देतो. बाईंनी बटणे लावून पाहिली, काढून पाहिली आणि राहू द्या म्हणाल्या. लागतात ना, मग झाले.

त्या एका 'राहू द्या'ने पुढे माझे किती वाटोळे होणार होते, याची तेव्हा ना त्यांना कल्पना होती ना मला.

शिंप्याने दोन गोष्टी मात्र मुद्दाम बाईसाठी केल्या. छातीच्या खाली दोन बारीक चुण्या आत घेतल्या आणि दोन्ही कुशींच्या शिवणीत भरपूर माया ठेवली. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. माझ्या अंगात ती दोन्हीकडे दोन-दोन बोटे होती.

बाई टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होत्या. आता तुम्ही आकडे दाबता आणि फोन लागतो. तेव्हा तसे नव्हते. फोन उचलला की आधी ऑफिसातली बाई बोलायची, नंबर विचारायची, आणि समोरच्या भल्यामोठ्या फळीवरच्या शेकडो भोकांतले नेमके भोक शोधून त्यात वायर खुपसायची. मग कुठे इकडचा माणूस तिकडच्याशी बोलायचा. हॉल मोठा, छत उंच, आणि शेगडी एकच. तीही मोठ्या साहेबांच्या टेबलाजवळ. बाईंची जागा दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. म्हणून तर मी.

रोज सकाळी त्या मला घालून बसायच्या. कानाला ऐकायचे यंत्र लावायच्या, आणि बोलायचे यंत्र एका पट्ट्याने गळ्यात अडकवून छातीवर टेकवायच्या. ते चांगलेच वजनदार होते. त्याने माझ्या छातीवर घासून घासून चंद्रकोरीच्या आकाराची जागा गुळगुळीत झाली आणि मानेपाशी पट्ट्याची चकाकी आली. उजवा हात वायरी खुपसायचा. डावा कोपर टेबलावर टेकलेला. चार वर्षांत तो कोपर विरला. बाईंनी त्यावर काळ्या कापडाचे ठिगळ लावले. घाईघाईत लावले, टाके वाकडे आले, पण ते ठिगळ पुढे अठरा वर्षे हलले नाही.

मला दोनदा सैल करण्यात आले. बाईंना पहिली मुलगी झाली तेव्हा आणि मुलगा झाला तेव्हा. दोन्ही वेळा त्या सातव्या महिन्यापर्यंत कामावर जात होत्या. शिंप्याने कुशीच्या शिवणी उसवल्या, माया सोडली, आणि बाळ झाल्यावर पुन्हा आत घेतली. पहिल्या खेपेला तो टेबलावरून मान वर न करता म्हणाला होता की, हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर ठेवली होती.

आता आगीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हांला कळणार नाही.

ऑफिसच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, कागदाचे गोदाम होते. एका दुपारी त्याला आग लागली. कागदच तो, बघता बघता ज्वाळा वर गेल्या. आमच्या खिडकीची काच तडकली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना खाली उतरायला सांगितले. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. बाई तेवढ्या उठल्या नाहीत. बंबवाल्यांना त्यांनी आधीच कळवले होते. पण गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून मुलांची शाळा होती, आणि शाळेचा फोन कोणी उचलत नव्हते. साहेब जिन्यातून हाका मारत होते. बाई घंटी वाजवत राहिल्या. फुटलेल्या काचेतून ठिणग्या आत येत होत्या. एक ठिणगी माझ्या उजव्या बाहीवर पडली. बाईंनी बाही टेबलाच्या कडेवर घासली आणि पुन्हा घंटी दिली. शेवटी शाळेच्या शिपायाने फोन उचलला.

बाई एवढेच म्हणाल्या, "मुलांना पुढच्या दारानं बाहेर काढा. आत्ता. मागचं दार उघडू नका."

मुले सगळी सुखरूप बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिससमोर बाईंचे कौतुक झाले. त्यांना असल्या गोष्टींची सवय नव्हती. त्या म्हणाल्या की जाड कोट होता म्हणून हात भाजला नाही. लोक हसले, टाळ्या झाल्या. माझ्या साऱ्या आयुष्यातले जाहीर कौतुक म्हणाल तर ते एवढेच. बाहीवरचे ते भोक बाईंनी घरी रफू केले. नीट पाहिले तर अजून दिसते.

बावीस वर्षे अशी गेली. मग आपोआप नंबर लावणारी यंत्रे आली. फळी निघाली, वायरी निघाल्या आणि बाईंना एक घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आले. मी कपाटात गेलो. पहिली काही वर्षे बाई मला उन्हात टाकायच्या, झटकायच्या, खिशात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, मग नजर गेली, आणि मग मला उन्हात टाकणारे कोणी राहिले नाही. कॉलरला कसर लागली. कसर म्हणजे बारीक किडा. आवाज न करता लोकर खातो. रात्रंदिवस कोणीतरी तुम्हांला कुरतडते आहे आणि तुम्ही खांद्याला हँगर अडकवून नुसते लटकले आहात, असे समजा.

बाई ऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. घर रिकामे करायला मोठी मुलगी आली. तिच्यासाठीच माझी शिवण पहिल्यांदा उसवली होती. जुने कपडे घेणारा दारात उभा होता. त्याने मला उलटसुलट केले आणि विचारले की हा कोट कोणाचा. चौकशी साधी होती. दोन वाक्यांत उत्तर झाले असते. आईचा, टेलिफोन ऑफिसातला, आगीच्या दिवशी अंगात होता तो.

मुलगी म्हणाली, "काय माहीत. असाच पडून होता."

तिला खरेच माहीत नव्हते, की आठवायचे नव्हते, की त्या दिवशी डोळ्यांपुढे इतके सामान होते की एक कोट जास्त झाला? मी तिला दोष द्यायचा नाही असे पुष्कळदा ठरवतो. जमत नाही.

जुन्या कपड्यांच्या दुकानात मी वर्षभर लोंबलो. मग एक गृहस्थ आले आणि मला घेऊन गेले. ते कोट गोळा करायचे. फक्त कोट. त्यांच्याकडे आधीच अठरा होते, म्हणून मी एकोणीस नंबर झालो. आम्ही सगळे त्यांना कोटवाले साहेब म्हणायचो, अर्थात मनातल्या मनात. त्यांच्याबद्दल खोटे बोलणार नाही. त्यांनी माझी कसर घालवली. दर रविवारी सकाळी ते आम्हां सगळ्यांना मऊ ब्रशने साफ करायचे, खोलीत दमट हवा शिरू नये म्हणून खिडक्या तपासायचे. पण त्यांचा नियम असा की कोट अंगात घालायचा नाही. घातला की झिजतो. मग आम्हांला प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, गळ्यात नंबर अडकवून रांगेत टांगायचे. अंगाची ऊब मिळाल्याला मला चाळीस वर्षे होत आली होती.

तरी तेही मी सोसले असते. पण एके दिवशी त्यांनी मला टेबलावर पसरले, भिंग घेतले आणि माझा अभ्यास केला. बटणे उजवीकडे, म्हणजे पुरुषाचा कोट. छातीवर घासल्याची खूण आणि मानेवर पट्ट्याची चकाकी, म्हणजे गळ्यात शिट्टी. बाहीवर जळल्याचे रफू, म्हणजे कंदील. रंग राखाडी. साहेबांनी भिंग खाली ठेवले आणि हर्षाने टेबलावर थाप मारली. रेल्वेच्या गार्डचा कोट!

मला कपाळ नाही, आणि बाह्या असल्या तरी त्यांत हात नाहीत. नाहीतर मी कपाळाला हात लावला असता. एकेक खूण त्यांनी बरोबर शोधली होती. एकही नजरेतून सुटली नव्हती. आणि प्रत्येकीचा अर्थ चुकला होता.

त्यांना वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कोटांचे प्रदर्शन भरवायचे होते. त्यासाठी मला दुरुस्त करून आणायचे ठरले. मला रफूताईंकडे नेले. रफूताई पन्नाशीच्या, केस आखूड, डोळ्यांवर जाड चष्मा आणि बोटात सुईसाठी पितळी टोपण. त्यांच्या खोलीत धाग्यांची इतकी रिळे होती की नुसत्या राखाडीच्या तीस छटा मी मोजल्या. साहेबांनी त्यांना यादी दिली. कॉलर नीट करा, कोपराचे ठिगळ काढून तिथे दिसणार नाही असे विणून घ्या, आणि छातीखालच्या चुण्या कोणीतरी नंतर घातल्या असाव्यात, त्या सोडवून कोट मूळ होता तसा करा. मूळ होता तसा! मी मूळचा कसा होतो हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होते.

साहेब गेल्यावर रफूताईंनी माझे अस्तर एका कुशीला उसवले आणि आत डोकावल्या. जुन्या टाक्यांवरून बोट फिरवले. मग उठल्या, दाराला कडी घातली आणि मला अंगात घातले.

मित्रांनो, मी तुम्हांला काय सांगू. एका माणसाचे खांदे माझ्या खांद्यांत आले. अस्तर कोमट झाले. माझ्या पाठीला पाठ लागली. त्या खिडकीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. बसल्यावर डावा हात आपोआप टेबलावर टेकला. काळे ठिगळ बरोबर टेबलाच्या कडेवर आले. त्यांनी ठिगळाकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "तू बसून काम करायचीस."

'तू' आणि 'करायचीस'. चाळीस वर्षांनी कोणीतरी माझ्या बाईंशी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा रफूताईंनी त्यांना माझी उसवलेली कूस दाखवली. त्या म्हणाल्या, "हे बघा. शिवणीत जुन्या टाक्यांच्या पाच ओळी आहेत. आधी घट्ट, मग सैल, मग परत घट्ट, परत सैल, परत घट्ट. हे पोट आहे साहेब. दोन बाळंतपणं. गार्डला कुठली होणार? आणि चुण्या पहिल्या दिवसापासूनच्या आहेत, दोरा तोच आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गार्डचे वजन कमीजास्त झाले असेल, असे ते म्हणाले. मग म्हणाले की बटणांचे काय? शिट्टीच्या खुणेचे काय? रफूताईंनी कबूल केले की गळ्यात काय अडकवायची ते त्यांना कळत नव्हते. काहीतरी जड, रोजचे. पण शिट्टी एवढी जड नसते. मी आतून ओरडत होतो, टेलिफोन, टेलिफोन! लोकरीतून आवाज कुठला जाणार?

"ताई," साहेब शेवटी म्हणाले, "पाटी छापून झालीय."

रफूताईंनी यादी घडी करून त्यांच्या हातात ठेवली. कॉलर करून देते, उसवलेले अस्तर शिवून देते, पण ठिगळाला आणि चुण्यांना मी कात्री लावणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. दुसरे कोणी मिळण्यासारखे नव्हते. साहेब रागावून मला तसाच घेऊन गेले.

प्रदर्शनात माझ्या एका बाजूला पितळी शिट्टी आणि दुसऱ्या बाजूला कंदील ठेवला होता. खाली पाटी. गर्दी माझ्यापुढेच जास्त. साहेब काठीने माझ्या बाहीवरचे रफू दाखवायचे आणि वादळी पावसात गार्डने कंदील हलवून गाडी कशी थांबवली असेल ते सांगायचे. पहिल्या दिवशी 'असेल' होते. तिसऱ्या दिवशी 'थांबवली' झाले. लोक माना डोलवायचे. माझ्या बाहीला भोक पडले त्या दिवशी एक अख्खी शाळा वाचली होती आणि लोक एका कधीच न थांबलेल्या गाडीचे कौतुक करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. त्याने साहेबांना सुचवले की एखादा कोट घालूनच उभे राहा, फोटो चांगला येईल. साहेब आधी नाही म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिले. माणूसच तो, मोह झाला. आणि मोह कोणाचा व्हावा, तर माझा. त्यांनी एक हात घातला. दुसरा जाता जाईना. फोटोवाल्याने मागून मदत केली. साहेबांचे खांदे रुंद, माझे अरुंद. त्यांनी श्वास रोखून बटण लावायला दोन्ही हात पुढे आणले आणि माझी पाठ मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली.

समोर आईचा हात धरून उभी असलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी तेवढी बोलली. ती अगदी मनापासून म्हणाली, "काका, हा तुमच्या मापाचा नाहीये. हा माझ्या आईच्या मापाचा आहे."

साहेबांनी मला हळूहळू अंगातून काढले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला दुखले, नाही असे नाही. पण खरे सांगतो, इतक्या वर्षांत मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन रफूताईंच्या दारात उभे राहिले. रफूताई टोचून बोलल्या नाहीत. फाटलेली पाठ बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या की शिवणीवरच उसवलंय, कापड शाबूत आहे, होईल नीट. मग त्यांनी आपली अट सांगितली. पाटी बदलायची. साहेबांनी माझे ठिगळ पुन्हा एकदा तपासले. शेवटी हो म्हणाले.

आठ दिवस रफूताई माझ्यावर काम करत होत्या. माझ्याच कुशीतल्या मायेतले चार धागे काढून त्यांनी कॉलर विणली. पाठ अशी शिवली की मलाही जोड सापडत नाही. मी अगदी आनंदात होतो. आता सत्य बाहेर येणार, बाईंचे नाव नसले तरी बाई येणार. प्रदर्शनात परत आलो, नवी पाटी लागली, आणि एक बाई ती मोठ्याने वाचत होती.

'रेल्वे गार्डचा कोट. वापरणारी व्यक्ती बहुधा स्त्री.'

बहुधा! बावीस वर्षे, दोन बाळंतपणे, एक आग, आणि हाती काय आले? बहुधा. बरे, गार्ड गेलाच नाही, त्याची नुसती बाई झाली. शिट्टी तिथेच, कंदील तिथेच. आता साहेब लोकांना सांगतात की त्या काळी एक धाडसी गार्डबाई होती आणि तिने वादळात गाडी थांबवली. गर्दी दुप्पट झाली आहे.

पाटी पाहायला रफूताई आल्या तेव्हा त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. पण पाटीवर भिस्त ठेवून राहणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. माझे अस्तर शिवून बंद करण्याआधीच त्यांनी आत एक पांढरी कापडी पट्टी टाकली होती. त्यावर पक्क्या शाईने लिहिले आहे: 'हा कोट एका बाईचा. बसून काम करायची. डावा कोपर टेकायची. गळ्यात काहीतरी जड असायचे. दोन मुले. ठिगळ तिच्याच हातचे, काढू नये.' त्याखाली 'नाव' असे लिहून जागा सोडली आहे आणि 'काम' असे लिहून जागा सोडली आहे. जे माहीत नव्हते ते त्यांनी रचून लिहिले नाही. रिकामे ठेवले.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला एक कळकळीची विनंती आहे. घरात कपाट असेल तर ते उघडा. आत माझ्यासारखे कोणी लटकत असेल तर ते कोणाचे, असे आईला विचारा, आजीला विचारा, काकांना विचारा. कंटाळून 'असेच पडलेय' म्हणाले तर पुन्हा विचारा. जे कळेल ते कागदावर लिहा आणि त्याच कपड्याच्या खिशात ठेवा. उन्हात टाका, कसर झटका, आणि मापाचे असेल तर खुशाल अंगात घाला. झिजलो तर झिजलो, त्याची आम्हांला सवय आहे. सांगणारे माणूस आहे तोवर विचारून घ्या, एवढेच माझे मागणे.

माझ्या पट्टीवरच्या त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. त्यांत काय लिहायचे ते मला ठाऊक आहे.